तेल पिणारी गाडी

यांचे कान इंजेक्शनांनी गेले. छातीचा आजार झाला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी रोज एक सुई लिहून दिली होती, आणि त्या सुयांनीच हे वाचले, ते खोटं नाही. पण आधी कानात शिट्टी वाजायला लागली, मग बोलणं लांबून आल्यासारखं वाटायला लागलं, आणि एका सकाळी मी चहाला हाक मारली तर यांनी मान वळवली नाही. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, जीव आणि कान यांतलं एकच वाचवता येत होतं. कानांची आशा धरू नका."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा मेकॅनिक होता. जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पत्र्याचं गॅरेज, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. यांचं नाव होतं ते कानामुळे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. समोर गाडीचा मालक ताटकळत उभा. मग डोळे उघडून एवढंच म्हणायचे, "तिसऱ्याचं बेअरिंग." इंजिन खोललं की तिसऱ्याचंच बेअरिंग निघायचं. पाचोरा, एरंडोल, पार यावलपासून माणसं गाडी ओढत आणायची ती या कानासाठी.

कान गेल्यावर गॅरेज महिनाभर कसंबसं चाललं. त्या औषधाने यांचा तोलही गेला होता. चालताना एका अंगाला कलायचे, अंधारात तर भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकता यायचं नाही. रस्त्यावरची माणसं म्हणायला लागली, मिस्तरी प्यायला लागला. ज्या माणसाने आयुष्यात कधी थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल हे मी दुकानात उभी राहून ऐकलं. कामाला असलेले दोघे दुसऱ्या गॅरेजात गेले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना शिकायचं होतं, आणि शिकवणारा माणूस खाटेवर पडून पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून होता.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. आजार पसरू नये म्हणून तिला पाचोऱ्याला माझ्या आईकडे ठेवली होती. आजार बरा झाल्यावर तिला भेटायला आणलं. ती दारातून "पप्पा" म्हणत धावत आली. हे पाठमोरे होते. ती मागे उभी राहून पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली, आणि मग घाबरून माझ्या पदराआड लपली. यांना ते नंतर कळलं, माझ्या चेहऱ्यावरून. त्या रात्री यांनी मला सांगितलं, "तिला परत पाठव. मी बापासारखा दिसतो, पण बाप नाही." मी तिला परत नेलं. बसमध्ये ती विचारत होती, पप्पा रागावलेत का.

मी यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचे. पण पाटीचं एक आहे, समोरच्याने बघितलं तरच ती बोलते. यांना बोलायचं नसलं की हे डोळे मिटून घ्यायचे, आणि मी खडू हातात धरून बसायचे.

उन्हाळ्यात हे दुपारी उठून मेहरूण तलावाकडे जायला लागले. मी थोडं अंतर ठेवून मागे जायचे. मला कशाची भीती वाटत होती ते मी कुणालाच सांगितलं नाही, माझ्या आईलासुद्धा नाही. एके दिवशी हे चपला काठावर काढून पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत पाणी. तिथेच उभे राहिले. मी "अहो, अहो" करत ओरडत धावले, आणि धावता धावताच लक्षात आलं की मी कुणासाठी ओरडतेय. साडीसकट पाण्यात शिरून यांच्या शर्टाची मागची बाजू घट्ट धरली. हे वळले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने मोठ्याने बोलायचे, तसंच अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "असं किती वर्षं?"

माझ्याजवळ पाटी नव्हती. मी शर्ट न सोडता यांना काठावर आणलं.

त्यानंतर आठवड्याभरात चोपड्याचे आबा आले.

आबा म्हणजे चोपड्याकडचे केळीचे मोठे बागायतदार. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज ट्रॅक्टरवरून बोलायची सवय असल्यासारखा. त्यांचे पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, सगळं आमच्याकडेच यायचं. त्या दिवशी ते केळीच्या ट्रकमधून आले आणि ट्रकवर केळीच्या सुकल्या पानांत झाकलेलं काहीतरी होतं. चौघांनी फळ्या लावून ते खाली उतरवलं. दोन माणसांपुरती, छप्पर नसलेली, लांब नाकाची विलायती गाडी. इंग्रजांच्या वेळची. माळव्यातल्या कुठल्याशा संस्थानिकाच्या गाड्या विकायला निघाल्या तेव्हा तरण्या आबांनी ती हौसेने घेतली होती. शर्यतीची गाडी होती म्हणे. तिच्या इंजिनाला पुढे एक जादा पंप जोडलेला होता, हवा आणि पेट्रोल जोराने इंजिनात कोंबणारा. सुपरचार्जर. आबा त्याला ब्लोअर म्हणायचे, म्हणून आम्हीही ब्लोअरच म्हणायला लागलो.

"मिस्तरी, ही गाडी पेट्रोलपेक्षा तेल जास्त पेस," आबा म्हणाले. "बठ्ठासले दखाडी. इंदूरवाला म्हने रिंगा बदला, नाशिकवाला म्हने इंजिन बदला. पोरे म्हनतस, पोळा झाया का भंगारमा." सगळ्यांना दाखवून झालं होतं, आणि पोळा झाला की पोरं ती भंगारात घालणार होती.

मी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, "आबा, यांना आता ऐकू येत नाही. काहीच नाही."

"माले माहीत शे, माय." आबा यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातली पाटी मागितली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतः लिहिलं, 'माले तुन्हा कान नही पायजेत. तुन्हा हात पायजेत.'

यांनी वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"गाडी आठेच राहू दे," आबा मला म्हणाले. "हात लावना व्हई तर लावजो म्हना. नही तर नको." आणि ट्रकमध्ये बसून निघून गेले.

काही दिवस गाडी तशीच उभी होती. मी तिच्यावरची धूळ झटकायचे, तेवढंच. मग एका सकाळी मी नळावरून पाणी घेऊन आले तर हे बॉनेट उघडून उभे. एक हात त्या ब्लोअरच्या पोटावर, दम लागलेल्या जनावराच्या पोटावर ठेवावा तसा. मला बघून म्हणाले, "चालू कर. मी सांगतो कुठे दाबायचं."

मी पदर खोचला आणि त्या गाडीत बसले. इंजिन पेटलं आणि मागून जो धूर निघाला! निळसर पांढरा, दाट. गॅरेज भरलं, रस्ता भरला, समोरचा पिठाच्या गिरणीवाला बादली घेऊन धावत आला, त्याला वाटलं आग लागली. मी खोकत बाहेर पडले. हे मात्र धुरात उभे राहून नाकाने हुंगत होते, धूर हातावर घेऊन बोटं चोळून बघत होते.

"जळकं तेल," ते म्हणाले. "तेल जळतं तेव्हा आवाज होत नाही."

मला त्या वाक्याचा अर्थ कळायला वेळ लागला. इतक्या वर्षांत हे बहुतेक दुखणी कानाने ओळखत आले होते. हे दुखणं कान असतानाही कानाने ओळखता आलं नसतं. इथे ते आणि दुसरा कुठलाही मेकॅनिक एकाच पायरीवर होते.

त्यांनी सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून केली. गेलेलं तेल जळतंय की गळतंय? इंजिन रॉकेलने लख्ख धुतलं, खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि गाडी चालवून पुन्हा तिथेच आणून उभी केली. कागदावर डाग पडले, मागच्या बाजूला जरा मोठे. पण तेल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, तेल जेवढं उतरलं होतं त्याच्या मानाने हे डाग काहीच नव्हते. म्हणजे थोडं गळत होतं आणि बाकीचं जळत होतं. मग कुठून? इंजिनात तेल जळण्याच्या वाटा दोन, हे त्यांनी मला समजावलं, कारण समजावायला दुसरं कुणी नव्हतंच. एक खालून, पिस्टनच्या रिंगा झिजल्या की. दुसरी वरून, व्हॉल्व्ह ज्या नळीत खालीवर होतो ती सैल झाली की. त्यांनी प्रत्येक सिलिंडरवर दाब मोजायचं घड्याळ लावलं. काटा चारही ठिकाणी चांगला वर गेला.

म्हणजे रिंगा ठीक होत्या. घड्याळ तेच सांगत होतं. पण यांचा घड्याळावर विश्वास बसेना. आजवर घड्याळ जे म्हणेल ते यांनी कानाने तपासून घेतलं होतं, आणि आता तपासायला काही नव्हतं. रात्रंदिवस एकच, "घड्याळ चुकत असेल तर?" शेवटी इंजिन खोललं. मुंबईहून रिंगा मागवल्या, त्या दुसऱ्या मापाच्या आल्या, परत पाठवल्या. सिलिंडर आतून घासून घेतले, व्हॉल्व्हच्या नळ्या बदलल्या. आषाढ गेला. यांचे हात पुन्हा काळे व्हायला लागले, जेवण जरा वाढलं, आणि मी वेड्यासारखी मनात म्हणायला लागले की हा माणूस परत येतोय. पाचोऱ्याला निरोप पाठवला, पोरीला पोळ्याला आणते म्हणून.

इंजिन बसवलं. मी गाडीत बसले. हे मागे जाऊन उभे राहिले.

धूर तेवढाच. दाट, निळा, तसाच.

इंजिन बंद करायला लावून यांनी सवयीने चारही प्लग काढले आणि न बघताच बाजूला ठेवले. मग हातातला पाना जमिनीवर ठेवला. आदळला नाही, हळूच ठेवला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पाटी घेऊन गेले की डोळे बंद. मी खांद्याला हलवलं तर तोंड न वळवता म्हणाले, "आबांना सांग, गाडी घेऊन जा. आणि तू पाचोऱ्याला जा. पोरीजवळ."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. कुणाला विचारलं? पत्र्याला.

त्या दिवसांत मी दुपारी दाराच्या उंबऱ्यात बसून राहायचे, हे बाहेर पडले तर माझ्या अंगावरूनच जावं लागेल अशी. भाजी आणायला जायची भीती, नळावर जायची भीती. शेजारणीला उंबऱ्यात बसवून मी पाणी भरायचे आणि तिला कारण सांगायचे नाही. तिनेही कधी विचारलं नाही.

आबांना निरोप गेला. त्यांनी उलट निरोप दिला की पोळ्याला अजून वेळ आहे.

एका दुपारी उंबऱ्यात बसवेना म्हणून मी गॅरेज आवरायला घेतलं. आबांची माणसं आली तर सामान पसरलेलं नको. धुरानंतर यांनी गाडीचे चार प्लग काढून एका डब्याच्या झाकणात ठेवले होते आणि तसेच विसरले होते. प्लग म्हणजे सिलिंडरच्या डोक्यात बसतो तो, ठिणगी टाकणारा. मी ते पुसायला घेतले आणि थांबले. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण एवढ्या वर्षांत गॅरेजच्या मागे राहून एक गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. हे पोरांना शिकवताना म्हणायचे, आधी प्लग बघा, डॉक्टर आधी जीभ बघतो तशी. कोणता काळा, कोणता कोरडा, तोच सिलिंडर आजारी. इथे चारही ओले होते. चारही सारखेच काळे, सारखेच चिकट. पुरणाच्या पोळ्या एका हाताने लाटल्यासारखे एकसारखे.

यात काही आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पण माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी जेवणाचं ताट घेतलं, त्यात ते चार प्लग ओळीने मांडले, आणि खाटेच्या पलीकडे, भिंत आणि खाट यांच्या फटीत घुसून ते ताट यांच्या नाकाशी धरलं. पाटीपुढे डोळे मिटता येतात. तेलाच्या वासापुढे नाही.

यांनी डोळे उघडले. वैतागून हात वर केला, ताट ढकलायला. मग हात तिथेच राहिला. एक प्लग उचलला. दुसरा. बोटाने पुसला, हुंगला. तिसरा, चौथा. उठून बसले.

"चारही सारखे," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"चार रिंगा एकदम, एकसारख्या कशा झिजतील? चार व्हॉल्व्ह एकदम कसे सैल होतील?" ते माझ्याशी बोलतच नव्हते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चार घरांच्या नळाला सारखंच गढूळ पाणी आलं तर घरात बघून काय उपयोग? टाकीत बघायला पाहिजे."

आणि ते चप्पल न घालता बाहेर गेले, कलत, दाराची चौकट धरत.

त्या गाडीत हवा आणि पेट्रोल आधी ब्लोअरमध्ये जायचं, तिथून एका जाड नळीने इंजिनाकडे, आणि मग चार सिलिंडरांना वाटलं जायचं. यांनी ती जाड नळी सोडवली आणि मला बोलावलं. नळीच्या तळाला तेल साचलेलं, पणतीत असतं तसं. इंजिन खालून तेल पीत नव्हतं आणि वरूनही पीत नव्हतं. त्याला हवेबरोबर तेल पाजलं जात होतं.

ब्लोअरच्या आत दोन चाकं फिरतात, त्यांच्या दात्यांना जरासं तेल लागतं. त्यासाठी इंजिनातून एक बारीक तांब्याची नळी आलेली होती. यांनी ती ब्लोअरपासून सोडवून काचेच्या बाटलीत धरली आणि मला गाडी चालू करायला सांगितली. तिथून थेंब यायला हवे होते. धार आली, गाईच्या आचळातून येते तशी. नळीच्या तोंडाशी एक पितळी बूच होतं, तेल अडवून थेंब थेंब सोडणारं. त्याचं भोक कुणीतरी पूर्वी मोठं केलं होतं. बुजलं असेल म्हणून केलं असेल, चांगल्या हेतूनेच केलं असेल. पण त्यानंतर सगळ्यांनी रिंगा बदलल्या आणि त्या बुचाकडे कुणीच बघितलं नाही. यांनीही नाही.

"इतकं बारीक भोक पाडायचं ड्रिल माझ्याकडे नाही," हे म्हणाले. मग जरा थांबून, "सोनाराकडे असेल."

जळगावात सोनारांची काय कमी. आम्ही दोघं सराफ बाजारात गेलो. ज्या कारागिराकडे माझी जोडवी झाली होती त्याच्यासमोर यांनी पितळेचा नवा तुकडा ठेवला. "हे नथीत कुठे बसणार?" तो मला विचारत होता. मी सांगितलं, "नथ नाही, मोटार आहे." तो हसला, मग यांनी कागदावर काढलेलं चित्र बघून त्याने डोळ्याला भिंग लावलं. त्याच्या तार ओढायच्या पट्टीतली सगळ्यात बारीक तार यांनी निवडली आणि तेवढंच भोक मागितलं.

आता खरी भीती पुढे होती. तेल जास्त झालं तर धूर, पण कमी झालं तर ब्लोअर कोरडा पडून जागेवर आवळणार, म्हणजे आतली चाकं घट्ट अडकून बसणार. तो आवळला असता तर त्या गाडीचा सुटा भाग जगात मिळाला नसता. आणि ब्लोअर कोरडा पडायला लागला की आधी त्याचा आवाज बदलतो. हे सांगताना यांचा चेहरा पडला.

"आवाज," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तू ऐकशील?"

मी मानेनेच नाही म्हटलं. मला काय कळतं त्यातलं? त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला, टोक ब्लोअरवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडावर ठेवली, स्वतःच्या हाताने. डोक्यात एकदम केवढा तरी आवाज भरला. मी दचकून मागे सरकले. त्यांनी पुन्हा ठेवली.

"काय ऐकू येतं? तुझ्या शब्दांत सांग."

मी पाटीवर लिहिलं, 'जात्यासारखं. पण खाली कुणीतरी सूं करतंय.'

"जातं म्हणजे बेअरिंग. सूं म्हणजे दाते. ती सूं अशीच राहायला पाहिजे. बारीक झाली, कर्कश झाली, तर माझ्या हातावर मार."

आम्ही ती गाडी रस्त्यावर काढली. यांच्या तोलावर मी आंधळा विश्वास टाकला नव्हता. उजेडात, बसून, समोर बघत चालवायला यांना जमायचं, आधी गल्लीत खात्री करून घेतली होती. तरी मी डाव्या हाताने गाडीची कड घट्ट धरून होते. छप्पर नसलेल्या शर्यतीच्या गाडीत डोक्यावर पदर घेतलेली बाई, समोरच्या पत्र्याला टेकवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागे धरून मान वाकडी केलेली. मेहरूणची अर्धी वस्ती दारात आली होती. गिरणीवाल्याने हात जोडले. ते मला की देवाला, मला कळलं नाही.

शिरसोलीच्या रस्त्याला लागल्यावर यांनी वेग वाढवला. धूर जवळजवळ नव्हता. मी मागे वळून बघितलं आणि आनंदाने ओरडणारच होते, तेवढ्यात ती सूं बदलली. कशी ते सांगता येत नाही. पाट्यावर कोरडी मिरची वाटली की आवाज येतो तसं काहीतरी. मी यांच्या हातावर इतक्या जोरात मारलं की नंतर वळ उठला होता. यांनी तिथेच इंजिन बंद केलं. उतरून ब्लोअरवर पाण्याचे थेंब टाकले, ते तडतडले. आणखी थोडं चाललो असतो तर संपलं होतं.

हे रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तीच भिंत. पण हे म्हणाले, "भोक एक तार मोठं करायचं. तू वेळेवर मारलंस." आणि वळ आलेला हात चोळत राहिले.

सोनाराने पुढची तार निवडली. यानंतर सूं बदलली नाही. चढावर नाही, वेगात नाही, बराच वेळ उभं ठेवल्यावरही नाही. राहिलं होतं ते गळणं. इंजिनाच्या आत जो वायू साचतो तो बाहेर जायला एक श्वासनळी असते. यांनी तिच्यात तार घातली तर आतून सुकलेली माती निघाली, कुंभारीण माशीचं घर. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत तिने आपली पिल्लं वाढवली होती. इंजिनाला श्वास सोडता येत नव्हता म्हणून ते तेल बाहेर ढकलत होतं. नळी साफ केल्यावर वर्तमानपत्र जवळजवळ कोरडं राहिलं. सकाळी थंड इंजिन चालू करताना एक छोटी निळी फुंकर अजून निघायची. मी ती दाखवली तर हे म्हणाले, "तेवढं असू दे. म्हातारं माणूस सकाळी खोकणारच."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी चोपड्याला नेली. तापीच्या पुलावर वारा इतका होता की काही ऐकू येईना, मी स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर ठेवून फक्त मागे धूर निघतो का ते बघत राहिले. आबांच्या अंगणात बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. माणसं हातातले ब्रश घेऊन बघायला आली. आबा गाडीच्या मागे जाऊन वाकले, धुराड्यात बोट घातलं, बोट पांढऱ्या टोपीच्या कडेला पुसून बघितलं.

"धूर कोठे गया?" ते म्हणाले.

हे त्यांच्या ओठांकडे बघत होते. बहुतेक कळलं असावं. यांनी डिपस्टिक काढून आबांच्या हातात दिली आणि मग आबांच्या मोठ्या पोराकडे बघून, मोठ्याने, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भंगारात द्यायची तर आधी मला विचारा." पोरगं हसलं. गाडी भंगारात दिली नाही. आबा होते तोवर ती चालत होती, एवढं मला माहीत आहे.

त्यांनी भरीत-भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना आम्ही एसटीने निघालो. खिडकीशी हे, बाजूला मी. तापी ओलांडायच्या आतच यांना झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. कित्येक महिन्यांत इतकी गाढ झोप मी बघितली नव्हती.

आणि मग मला ऐकू यायला लागलं. चढ लागला की एसटीच्या इंजिनातून खालून एक ठोका येत होता, बोथट, एक ठोका सोडून एक. बस सपाटीला आली की तो थांबायचा. बसमध्ये कुणाला तो ऐकू येत नव्हता, सगळे आपापल्या गप्पांत होते. पण एकदा ऐकल्यावर मला तो सोडेना. मी ठरवून बाहेर बघितलं, केळीचे बाग बघितले, तरी तो येतच राहिला. यांनी आयुष्यभर हेच ऐकलं होतं. प्रत्येक बसमध्ये, प्रत्येक रस्त्यावर, बाकी कुणाला न येणारं. आणि मी इतके दिवस समजत होते की यांचा फक्त धंदा गेला.

मी पदर तोंडाशी धरला. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने विचारलं, "काय झालं, माय?" मी म्हटलं, "काही नाही, वारा." जळगाव येईपर्यंत मी रडत होते आणि हे झोपले होते.

मुलगी त्या पोळ्यालाच घरी आली आणि राहिली. पाठमोऱ्या बापाला हाक मारायची नाही, समोर जाऊन उभं राहायचं, हे ती दोन दिवसांत शिकली. गॅरेज पुन्हा उघडलं. पूर्वीसारखं कधीच चाललं नाही. काही जुनी माणसं आली, काही आली नाहीत. तलावाकडे हे त्यानंतरही जायचे, आणि पहिली काही वर्षं मीही मागून जायचे. दुपारी मी भाजी निवडता निवडता गॅरेजात स्टुलावर बसायचे, आणि गाडी आली की हे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ माझ्याकडे करायचे. मला नेहमी बरोबर सांगता यायचं नाही. मग ते प्लग काढून बघायचे.